फोन कुठला ते विचारू नका

नाशिकमध्ये राहून वेबसाइट करणं हा माझा धंदा. गिऱ्हाइकं बहुतेक आसपासची: कांद्याचे व्यापारी, येवल्याचे पैठणीवाले, एकदोन शाळा, एक पतसंस्था, द्राक्षाची कलमं विकणारी नर्सरी. पहिल्या बैठकीत प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला, "मोबाइलवर नीट दिसेल ना?" दिसेल, म्हणतो. मग मी "कुठल्या मोबाइलवर?" असं विचारीन म्हणून ते वाट बघतात. मी विचारत नाही. का विचारत नाही, ते खाली लिहितो. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना उपयोग होईल, आणि साइट करून घेणाऱ्यांना आपण कशाचे पैसे देतो ते कळेल.

१. पडद्यांची यादी करत बसू नका.

नवा मुलगा कामाला लागला की आधी यादी काढतो. या कंपनीचा फोन इतका रुंद, त्या कंपनीचा टॅब तितका. ही यादी पुरी होणारी नाही. २००७ च्या आयफोनची रुंदी ब्राउझरच्या हिशेबात ३२० पिक्सेल होती. २०१० मध्ये आयपॅड आला. उभा धरला तर ७६८, आडवा धरला तर १०२४. हे आकडे तेव्हा लोकांच्या हातात बसले ते बसलेच. तो आयपॅड कधीच अडगळीत गेला, पण ७६८ आजही कित्येक साइटींच्या सीएसएसमध्ये, म्हणजे मांडणीच्या नियमांत, जसाच्या तसा सापडतो. पडदे मोठेच होत जाणार असं सगळे धरून चालले होते, तेवढ्यात २०१७ मध्ये जिओफोन २४० ची रुंदी परत घेऊन आला, तोही टच नसलेला, बटणांवर चालणारा. २०१९ चा गॅलेक्सी फोल्ड मिटला की २८०, उघडला की छोटा टॅब. अशा बाजारात यादी ठेवणार कशाची?

ईथन मार्कॉट या अमेरिकन डिझायनरने २५ मे २०१० ला 'अ लिस्ट अपार्ट' या ऑनलाइन नियतकालिकात एक लेख लिहिला आणि 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव रूढ झालं. त्याने तीन गोष्टी एकत्र बांधल्या. रकाने टक्क्यांत मोजायचे, चित्रं रकान्याबरोबर लहानमोठी होऊ द्यायची, आणि मीडिया क्वेरी वापरायची. मीडिया क्वेरी म्हणजे पडदा अमुक रुंदीच्या वर असेल तर हे नियम लाव, असं ब्राउझरला सांगण्याची सोय. त्याआधी फोनसाठी अख्खी वेगळी साइट करायची पद्धत होती, पत्त्यात पुढे 'एम' लावून. भाव बदलला की दोन ठिकाणी बदला. शिवलेल्या कपड्याला माप लागतं. लुगडं एकच असतं, ते आजीही नेसते आणि नातही. पान लुगड्यासारखं हवं, एवढंच मार्कॉटचं म्हणणं.

मग मीडिया क्वेरीत आकडा घालायचा कुठला? पान उघडा, ब्राउझरची खिडकी कडेला धरून हळूहळू अरुंद करत न्या. एका जागी भावाचा आकडा रोपाच्या नावाला चिकटतो, किंवा बटणातला मजकूर दोन ओळींत जातो. तिथे थांबा. तो आकडा ६१० असेल तर ६१० घाला, ५४७ असेल तर ५४७. कुठल्या कंपनीच्या कुठल्या फोनशी तो जुळतो याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. मजकूर जिथे तुटला, तिथे मांडणी बदलली पाहिजे, बस्स.

२. ती एक ओळ आहे का, ते आधी बघा.

"आमच्या साइटवर सगळं बारीक दिसतं, चिमटीने मोठं करून वाचावं लागतं," अशी तक्रार आली की मी बाकी काही न बघता पानाचा वरचा भाग उघडतो. बहुतेक वेळा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग नसतो. ही ओळ नसेल तर फोनचा ब्राउझर धरून चालतो की हे जुन्या काळचं, संगणकासाठी केलेलं पान आहे. तो ते साधारण ९८० पिक्सेल रुंद समजून मांडतो आणि मग सगळंच्या सगळं आकसून पडद्यात कोंबतो. 'विड्थ बरोबर डिव्हाइस-विड्थ' एवढं सांगितलं की तो खऱ्या रुंदीवर मांडणी करतो. ही ओळ ॲपलने पहिल्या आयफोनच्या वेळी काढली आणि मग सगळ्यांनीच उचलली.

खऱ्या रुंदीवरून आठवलं. गिऱ्हाइक सांगतं, "माझा फोन १०८० पिक्सेलचा आहे, मग लॅपटॉपसारखं का दिसत नाही?" पडद्यावरचे भौतिक ठिपके १०८० असतात हे खरं. पण ब्राउझर तीन-तीन ठिपक्यांचा एक पिक्सेल धरतो आणि पानाला ३६० सांगतो. तसं केलं नसतं तर अक्षरं मोहरीएवढी दिसली असती.

३. लहान पडद्यापासून सुरुवात करा, आणि मंजुरीसुद्धा लहान पडद्यावरच घ्या.

ल्यूक रॉब्लेव्स्की हा डिझायनर 'मोबाइल फर्स्ट' ही गोष्ट २००९ पासून सांगतोय. २०११ मध्ये त्याचं त्या नावाचं पुस्तकही आलं. तांत्रिक कारण सोपं आहे. एका रकान्यातलं साधं पान आधी लिहायचं आणि जागा वाढेल तशी भर घालत जायची, हे काम सरळ जातं. उलट बाजूने आलात तर अर्धा वेळ आधी लिहिलेले नियम रद्द करण्यात जातो.

पण मला यातला मोठा फायदा वेगळाच वाटतो. ३६० पिक्सेलमध्ये एकाखाली एक लावायचं म्हटलं की काय आधी आणि काय नंतर, याचा निकाल लावावाच लागतो. रुंद पडद्यावर संस्थापकांचा फोटो, स्वागताचा मजकूर, पुरस्कार आणि दुकानाचा फोन नंबर चौघंही शेजारी शेजारी बसतात, कोणाला वाईट वाटत नाही. फोनवर मात्र संस्थापक वर गेले की फोन नंबर तीन पडदे खाली जातो. हे भांडण कामाच्या सुरुवातीलाच होऊन जाऊ द्यावं.

आणि ते होण्यासाठी एक युक्ती. गिऱ्हाइकाच्या केबिनमध्ये लॅपटॉप टीव्हीला जोडून साइट दाखवायची नाही. लिंक पाठवायची आणि म्हणायचं, "शेठ, आपापल्या फोनवर उघडा." टीव्हीवर सगळंच झकास दिसतं. ज्यांच्यासाठी साइट आहे ते टीव्हीवर बघणार नसतात.

४. खरा मराठी मजकूर घालूनच मांडणी करा.

तयार टेम्प्लेट घ्यायची, त्यातला इंग्रजी किंवा निरर्थक लॅटिन मजकूर तसाच ठेवून मांडणी पक्की करायची आणि शेवटच्या दिवशी मराठी ओतायचं, अशी आपल्याकडे पद्धत आहे. मराठी ओतलं की सगळं फुटतं, आणि फुटायला कारणं आहेत.

पहिलं कारण शब्दांची लांबी. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. इंग्रजीत जिथे तीन सुटे शब्द होतात आणि ओळ कुठेही मोडता येते, तिथे आपल्याकडे 'शिष्यवृत्तीधारकांसाठी' असा एकच अखंड डबा तयार होतो. शाळेच्या साइटवर हाच शब्द ४० पिक्सेलच्या मथळ्यात होता. ३२० रुंदीच्या फोनवर तो मावेना आणि पानाबाहेर डोकं काढून बसला. ब्राउझरला शब्द मधूनच तोडायला सांगता येतं. मग 'शिष्यवृ' वरच्या ओळीत आणि 'त्तीधारकांसाठी' खालच्या ओळीत जातं. शाळेच्या साइटवर हे शोभत नाही. त्यापेक्षा मथळ्याचा आकार पडद्याप्रमाणे बदलू द्यावा. सीएसएसमध्ये 'क्लॅम्प' नावाची सोय २०२० पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे: कमीत कमी इतका, जास्तीत जास्त इतका, आणि मधे रुंदीच्या प्रमाणात. आणि 'धारक' काढून टाकलं तर बरंच, हेही मुख्याध्यापकांना सांगून बघावं. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं.

दुसरं कारण उंची. रोमन अक्षरांसाठी ठरवलेली ओळीची उंची, समजा अक्षराच्या १.२ पट, देवनागरीला कोंदट होते. वर वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांची शेपटं. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन टेकतो. मी वाचनाच्या मजकुराला १.७ च्या आसपास ठेवतो. खरी गंमत होते ती कार्डात किंवा बटणात, जिथे ठरावीक उंची देऊन जास्तीचं झाकून टाकलेलं असतं. इंग्रजीत काही कापलं जात नाही. मराठीत मात्र 'पुणे' चं 'पणे' होतं आणि 'कृषी' चं 'कषी'. तेव्हा ज्यात मजकूर आहे अशा कुठल्याही चौकटीला ठाम उंची देऊ नका. आतून थोडी जागा द्या आणि उंचीचं तिचं तिला ठरवू द्या.

तिसरी गोष्ट लहान, पण डोळ्याला टोचणारी. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मथळ्यांना आणि मेनूला अक्षरांमधलं अंतर वाढवून दिलेलं असतं, ऐटदार दिसावं म्हणून. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. प्रत्येक अक्षर दोरी तुटलेल्या तोरणातल्या पानासारखं सुटं लोंबतं. 'लेटर-स्पेसिंग' शोधा आणि मराठी मजकुरासाठी शून्य करा. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा मराठी आहे हेही सांगा. फॉन्टमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात.

५. तक्ता हा सगळ्यात अवघड प्रकार. त्याला वेळ द्या.

कांद्याच्या व्यापाऱ्याला साइटवर रोजचे बाजारभाव हवे होते. बाजारभावाच्या तक्त्याचे रकाने सगळ्यांना पाठ असतात: बाजार समिती, जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. झाले सात. लॅपटॉपवर सुरेख. ३६० पिक्सेलमध्ये सात रकाने म्हणजे एकेकाला पन्नास पिक्सेल, आणि त्यात 'पिंपळगाव बसवंत' बसवायचं.

इंटरनेटवर यावर तयार उपाय मिळतो: फोनवर प्रत्येक ओळीचं कार्ड करा, रकान्यांची नावं डावीकडे, आकडे उजवीकडे, एकाखाली एक. दिसायला छान. पण शेतकरी हा तक्ता कशासाठी उघडतो? ट्रॅक्टर लासलगावला न्यायचा की पिंपळगावला, हे ठरवायला. त्याला आकडे उभ्या रांगेत एकाखाली एक हवेत. कार्डं केली की लासलगावचा सर्वसाधारण दर एका पडद्यावर आणि पिंपळगावचा दुसऱ्यावर जातो. मधे अंगठा फिरवताना पहिला आकडा डोक्यातून गेलेला असतो. माझं मत स्पष्ट आहे: तुलनेसाठी असलेल्या तक्त्याची कार्डं करू नयेत. पत्त्यांची यादी असेल तर खुशाल करा.

मग केलं काय? आधी तक्ताच वाचला. परिमाणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'क्विंटल' होतं. तो रकाना काढून 'दर प्रति क्विंटल, रुपयांत' असं तक्त्याच्या वर एकदाच लिहिलं. जातीच्या रकान्यातही 'उन्हाळी', 'उन्हाळी', 'उन्हाळी' असंच चाललेलं. प्रत्येक जातीचा मथळा देऊन त्याखाली तिच्या ओळी लावल्या. कमीत कमी आणि जास्तीत जास्त हे दोन दर एकाच घरात, मधे आडवी रेघ देऊन, बारीक अक्षरात. सर्वसाधारण दर ठळक आणि उजवीकडे टेकवलेला. उरले चार रकाने: समिती, आवक, दरांची व्याप्ती, सर्वसाधारण दर. ३६० मध्ये बसले. यात सीएसएसचं काम थोडं आणि वाचण्याचं जास्त. मग वाटलं, हे लॅपटॉपवरही असंच बरं दिसतंय, म्हणून तिथलाही जुना सात रकान्यांचा तक्ता काढून टाकला.

सगळे तक्ते असे आटत नाहीत. पतसंस्थेच्या ठेवींच्या व्याजदरांचा तक्ता मुदतीप्रमाणे आणि ठेवीदाराच्या वर्गाप्रमाणे दोन्हीकडून वाचायचा असतो, त्यातलं काही काढता येत नाही. अशा वेळी तक्ता एका चौकटीत ठेवा आणि तेवढी चौकटच आडवी सरकू द्या, अख्खं पान नव्हे. पहिला रकाना 'पोझिशन स्टिकी' करून डावीकडे खिळवा, म्हणजे सरकवताना आपण कुठल्या ओळीत आहोत ते कळतं. खिळवलेल्या रकान्याला पार्श्वभूमीचा रंग द्यायला विसरू नका, नाहीतर बाकीचे आकडे त्याच्या खालून सरकताना आरपार दिसतात. आणि उजवीकडे शेवटचा दिसणारा रकाना अर्धवट कापलेला राहील असं बघा. कापलेला दिसला तरच माणूस सरकवून बघतो.

६. पान आडवं हलत असेल तर गुन्हेगार एकच असतो, तो शोधा.

फोनवर पान डावी-उजवीकडे लटलट हलतं आणि उजव्या कडेला पांढरी फट दिसते. यावर घाईचा उपाय म्हणजे बॉडीला जास्तीचं झाकायला सांगणं. फट जाते, गुन्हेगार राहतो. त्यापेक्षा सीएसएसमध्ये पानातल्या प्रत्येक गोष्टीला तात्पुरती लाल बाह्यरेषा द्या. जी चौकट पानाबाहेर गेली आहे ती लगेच नजरेत भरते. नेहमीचे संशयित: ठाम रुंदी दिलेलं चित्र, नकाशाची आयफ्रेम, भलालांब ईमेल पत्ता, आणि फ्लेक्सबॉक्समधलं मूल. फ्लेक्सचं मूल आतल्या मजकुरापेक्षा बारीक व्हायला मुळात तयार नसतं. 'मिन-विड्थ' शून्य असं सांगितलं की ऐकतं. हे माहीत नसल्यामुळे लोक रात्री जागवतात.

७. चित्रात मजकूर घालू देऊ नका.

हे सांगायला सोपं, गिऱ्हाइकाच्या गळी उतरवायला अवघड. दिवाळी आली की दुकानाचा फ्लेक्स बनवणारा कोरलड्रॉमध्ये केलेला शुभेच्छांचा बॅनर पाठवतो. आडवा, पाच फूट बाय दोन फूट, त्यात पैठणीचे फोटो, सवलतीचा तपशील, अटी, पत्ता, दोन फोन नंबर. "हाच वर लावा." लावला. फोनवर तो ३६० रुंद आणि १४४ उंच झाला. सवलत किती टक्के ते दिसेना, आणि नंबर चित्रात असल्यामुळे दाबून फोन लावता येईना.

आता मी फ्लेक्सवाल्याकडून मोकळा फोटो मागून घेतो, अक्षरं नसलेला. मजकूर पानात खरा मजकूर म्हणून येतो. फोटोची रुंदी जास्तीत जास्त १०० टक्के, उंची आपोआप. 'पिक्चर' टॅग वापरून फोनला उभा कातरलेला फोटो आणि संगणकाला आडवा देता येतो. पैठणीचा पदर उभ्या चौकटीत जास्त खुलतो, हा माझा अनुभव. 'सोर्ससेट' लावून छोट्या पडद्याला छोटी फाइल द्या. कॅमेऱ्यातून निघालेला चार हजार पिक्सेलचा फोटो ३६० च्या पडद्याला पाठवणं म्हणजे लोकांचा डेटा जाळणं. आणि चित्राच्या टॅगमध्ये रुंदी-उंचीचे आकडे लिहा, म्हणजे फोटो येईपर्यंत ब्राउझर जागा राखून ठेवतो आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही.

८. बोट म्हणजे माउस नव्हे.

नेम धरायला जागा लागते. ॲपल ४४ आणि अँड्रॉइड ४८ युनिटांचं बटण सुचवतं. वेबच्या सुलभतेच्या नियमांची २०२३ ची आवृत्ती, डब्ल्यूसीएजी २.२, किमान २४ तरी मागते. माउस वर नेल्यावर उघडणारा मेनू फोनवर उघडणार कसा, एवढा विचार करा. पाचच पानं असतील तर तीन रेघांचा मेनू करून ती लपवू नका. दोन ओळींत मावतात.

९. उंचीवर विसंबू नका.

पहिला फोटो 'पडद्याच्या १०० टक्के उंचीचा' हवा, ही फर्माईश हमखास असते. फोनवर पत्त्याची पट्टी कधी दिसते, कधी सरकून जाते, त्यामुळे जुन्या १०० व्हीएचमध्ये, म्हणजे पडद्याच्या पूर्ण उंचीत, तळाचं बटण पट्टीखाली दडतं. नवी 'डीव्हीएच' आणि 'एसव्हीएच' एककं यासाठीच आली आहेत. फॉर्मच्या रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा बारीक असेल तर आयफोन पान स्वतःहून मोठं करतो, तेही लक्षात ठेवा.

१०. शेवटची तपासणी दुसऱ्याच्या फोनवर.

ब्राउझरमध्ये फोनचा आभास करून दाखवणारी सोय आहे, ती रोज वापरावी. पण तिथे उन्हातला पडदा नसतो, तडा गेलेली काच नसते, वर येणारा कीबोर्ड नसतो आणि मुख्य म्हणजे अक्षरं मोठी करून ठेवलेली नसतात. पन्नाशीपुढचे कित्येक लोक फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं वाढवून ठेवतात. त्यांचा फोन घेऊन साइट उघडली की कुठली चौकट फुगते आणि कुठलं बटण फुटतं ते लगेच कळतं. अक्षरांचे आकार पिक्सेलऐवजी 'रेम'मध्ये, म्हणजे मूळ अक्षराच्या पटीत दिले, चौकटींना उंची दिली नाही, तर बहुतेक पान तगतं. संगणकावरही हेच लागू आहे. १२८० रुंदीच्या पडद्यावर ४०० टक्के झूम केलं की पानाला ३२० एवढीच रुंदी उरते. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये ही कसोटी याच आकड्यांसकट घातलेली आहे. कमी दिसणाऱ्या माणसासाठी वेगळं काही करावं लागत नाही. फोनसाठी नीट केलेलं पानच त्याला मिळतं.

आता एकच मागणं. मांडणी बिघडू नये म्हणून व्ह्यूपोर्टच्या ओळीत 'युझर-स्केलेबल नो' लिहून चिमटीने मोठं करण्याची सोय बंद करणारे महाभाग अजून आहेत. आयफोनने २०१६ पासून, म्हणजे आयओएस १० पासून, ही सूचना मानणं सोडून दिलं. अँड्रॉइडवरचा क्रोम मात्र ती अजून पाळतो, आणि आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइडच आहे. तुमच्या साइटच्या कोडमध्ये हे शब्द असतील तर आजच काढून टाका. साइट दुसऱ्याने करून दिली असेल तर त्याला फोन करा आणि काढायला लावा. दोन मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे देऊ नका.